डोळ्यांना मानवेल तो रिफ्रेश रेट

बोलायला सुरुवात करण्याआधी समोरच्या मॉनिटरकडे बघा. मी माउसचा बाण भराभर गोल फिरवतोय. सलग रेघ दिसत नाही, एकामागून एक सुटे बाण दिसतात. आता सेटिंगमध्ये जाऊन ६० हर्ट्झचे १२० करतो आणि हात त्याच वेगाने फिरवतो. बाण दुप्पट झाले, त्यांच्यातलं अंतर निम्मं झालं. पडदा सेकंदाला किती वेळा चित्र नव्याने मांडतो, तो आकडा म्हणजे रिफ्रेश रेट, आणि तो हर्ट्झमध्ये मोजतात. ६० ला एक चित्र साधारण १६.७ मिलिसेकंद राहतं, १२० ला ८.३.

‘६० वर काम केलं की डोळे दुखतात’ हे वाक्य तुम्ही ऐकलं असेल. ते खोटं नव्हतं, पण ते जुन्या काचेच्या, पाठीमागे फुगलेल्या मॉनिटरच्या काळातलं आहे. त्यात इलेक्ट्रॉनचा झोत वरून खाली एकेक ओळ उजळत जायचा आणि ओळ उजळली की काही मिलिसेकंदांत विझायला लागायची. म्हणजे दोन चित्रांच्या मध्ये पडदा खरोखरच काळवंडायचा. मी अशा मॉनिटरवर बरीच वर्षं ६० वरच बसलो. संध्याकाळी कपाळ ठणकायचं आणि मी चष्म्याला दोष द्यायचो. मग एका सहकाऱ्याने न विचारता ८५ करून ठेवले. त्या दिवशी पांढरं पान पहिल्यांदा स्थिर दिसलं. लुकलुक डोळ्याच्या मध्यापेक्षा कडेला जास्त जाणवते, त्यामुळे पडद्यावरून नजर जरा बाजूला नेली की तो थरथरताना दिसायचा. ७५ ला बऱ्याच जणांना आराम पडायचा, ८५ ला बहुतेकांना.

आजचा एलसीडी असा विझत नाही. पुढचं चित्र येईपर्यंत प्रत्येक ठिपका आपला प्रकाश धरून ठेवतो. त्यामुळे ६० वरही स्थिर पान स्थिरच दिसतं. तरीही तुमचे डोळे शिणत असतील तर मी आधी बॅकलाइटकडे, म्हणजे पडद्यामागच्या दिव्याकडे, बोट दाखवीन. ब्राइटनेस कमी करण्यासाठी काही मॉनिटर बॅकलाइट मंद करत नाहीत. तो सेकंदाला शेकडो वेळा चालू-बंद करतात आणि सरासरीने उजेड कमी भासवतात. ही लुकलुक रिफ्रेश रेट वाढवून जात नाही. ती ओळखायला एक पेन्सिल पुरते. खोलीत अंधार करा, पडद्यावर कोरं पांढरं पान उघडा, ब्राइटनेस बराच खाली आणा आणि पडद्यासमोर पेन्सिल पंख्यासारखी जोरात हलवा. धूसर, सलग पट्टा दिसला तर उजेड स्थिर आहे. कंगव्याच्या दातांसारख्या सुट्या पेन्सिली दिसल्या तर बॅकलाइट उघडझाप करतोय. अशा मॉनिटरचा ब्राइटनेस चढा ठेवावा आणि खोलीतही पुरेसा उजेड असू द्यावा.

मग जास्त रिफ्रेश रेटचा उपयोग कुठे? हलत्या गोष्टींत. लांबलचक मजकूर सरकवताना डोळा अक्षरांच्या मागे सलग धावतो, पण चित्र मात्र १६.७ मिलिसेकंद एका जागी थांबून मग उडी मारतं. मजकूर सेकंदाला ९६० पिक्सेल सरकत असेल तर ६० वर दर उडी १६ पिक्सेलची. तेवढं अक्षर डोळ्यात फरफटतं, आणि साध्या मजकुरातलं अक्षर कित्येकदा तेवढं रुंदही नसतं. १२० वर फरफट ८ पिक्सेलवर येते आणि सरकता सरकता ओळ वाचता येऊ लागते. दिवसभर कागदपत्रं वरखाली करणाऱ्यांना हा आराम खरा आहे, आणि तो त्यांना मिळावा असं मला मनापासून वाटतं.

पण आकडा चढत जाईल तसा फायदा आटतो. ६० वरून १२० ला गेलात तर प्रत्येक चित्रामागे ८.३ मिलिसेकंद वाचतात. १२० वरून २४० ला गेलात तर जेमतेम ४.२. वेगवान खेळ खेळणाऱ्याला तेही हवे असतात. लिहिण्या-वाचण्याचं काम असेल तर मी ७५ ते १२० मध्ये थांबेन आणि उरलेलं बजेट रेखीव अक्षरं व स्थिर बॅकलाइट यांवर घालवीन. चित्रपट पाहणाऱ्यांना १२० चा आणखी एक लाभ: सेकंदाला २४ फ्रेम, म्हणजे २४ चित्रं, असलेल्या चित्रपटाची प्रत्येक फ्रेम बरोबर ५ वेळा दाखवता येते. ६० ला तसा भाग जात नाही, एक फ्रेम ३ वेळा, पुढची २ वेळा दाखवावी लागते, आणि कॅमेरा संथ फिरताना चित्र अडखळतं.

नवा मॉनिटर घेण्याआधी आहे तो तपासा. १४४ हर्ट्झचा मॉनिटर घेऊन वर्षानुवर्षं ६० वरच वापरणारे मला नेहमी भेटतात, कारण संगणक आपणहून आकडा वाढवेलच असं नाही. विंडोजमध्ये सेटिंग्ज, सिस्टिम, डिस्प्ले आणि त्यात ॲडव्हान्स्ड डिस्प्ले, तिथे तो बदलता येतो. हवा तो आकडा यादीत दिसतच नसेल तर केबल आणि पोर्ट बघा. एचडीएमआय जोडणीच्या १.४ या आवृत्तीवरून फोर-के, म्हणजे खूप जास्त ठिपक्यांचं, चित्र ३० च्याच आसपास मिळतं, आणि तेव्हा माउस चिखलातून ओढल्यासारखा वाटतो. एचडीएमआय २.० ला ६० मिळतात, डिस्प्लेपोर्ट १.४ ला १२०. लॅपटॉप बॅटरीवर असेल तेव्हा मात्र ६० वर आणलेला बरा, चार्ज जास्त वेळ पुरतो.

पेन्सिल इथे टेबलावर ठेवली आहे. दिवे मालवतो. ज्यांना स्वतः करून बघायचं आहे त्यांनी एकेक करून पुढे या, मी ब्राइटनेस खाली आणतो.