नस म्हणजे नेमकी कुठली?

(ठाण्यात ज्येष्ठ नागरिकांपुढे झालेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार मंडळी. फलकावर विषय लिहिलाय, ‘शरीररचनेची तोंडओळख : ऊती, अवयव आणि संस्था’. तिथवर जायचंच आहे. पण त्याआधी एका शब्दाशी माझं जुनं भांडण आहे, ते आज तुमच्यासमोर मांडतो. तो शब्द म्हणजे ‘नस’.

सकाळी तलावपाळीवर फेऱ्या मारताना काय कानावर पडतं, आठवा. ‘रात्री पोटरीची नस चढली.’ ‘मानेत नस दबलीय, हात बधिर होतो.’ ‘ह्यांच्या हृदयाची एक नस ब्लॉक निघाली.’ रक्त तपासायला गेलं की, ‘नस सापडत नाही काका, दुसरा हात द्या.’ आणि पाचवी नसबंदीतली. ही पाच वाक्यं पाच निरनिराळ्या गोष्टींबद्दल आहेत. पोटरीत चढतो तो स्नायू. मानेत दबतं ते मणक्यांमधून बाहेर पडणारं मज्जातंतूचं मूळ. हृदयात तुंबते ती धमनी, सुई जाते ती शिरा, आणि नसबंदीत बांधतात ती शुक्रवाहिनी. तिच्यात ना रक्त वाहतं, ना संवेदना.

आता सगळ्यांनी डाव्या हाताची बाही वर करा. तळहात छताकडे. अंगठ्याचं आणि करंगळीचं टोक जुळवा आणि मनगट जरा आत वाकवा. मधोमध दोरी उभी राहिली? मागे कुणी म्हणतंय, आमच्यात नाही. घाबरू नका, काहींना ती जन्मतःच नसते आणि पकडीत काही फरक पडत नाही. ती आहे स्नायुरज्जू, म्हणजे स्नायूला हाडाशी बांधणारी दोरी. दुसरीकडे रज्जू तुटून वाया गेली, तर शल्यविशारद हीच दोरी काढून तिथे वापरतात. तिच्या शेजारी अंगठ्याच्या बाजूला आणखी एक दोरी आहे. ती ओलांडून बोट टेकवा. ठोका लागतो ना? ती धमनी. कातडीखालच्या निळसर रेघा म्हणजे शिरा. हात डोक्यावर धरा, त्या रित्या होऊन बसतील.

मज्जातंतू मात्र दिसणार नाही. त्या मधल्या दोरीच्या अगदी खाली तो आहे. ना निळा, ना ठोके देणारा. तळहातात शिरताना हाडांच्या आणि एका चिवट पट्ट्याच्या बोगद्यातून तो जातो, सोबत 9 स्नायुरज्जू. रज्जूंची आवरणं सुजली की चिरडला जातो तोच. मग रात्री अंगठा, तर्जनी, मधलं बोट आणि अनामिकेचा अर्धा भाग मुंग्या येऊन जागं करतो. करंगळी सुटते, कारण तिचा मज्जातंतू या बोगद्यातून जातच नाही. तो कोपराच्या आतल्या कडेवरून येतो. कोपर आपटलं की झिणझिण्या करंगळीपर्यंत जातात, त्या त्याच्याच. म्हणून डॉक्टरांना नुसतं ‘हात बधिर होतो’ सांगू नका, कुठलं बोट ते सांगा.

आपली भाषा इथे मुळात गरीब नव्हती, हेच मला लागतं. सुश्रुतानं शिरा 700, स्नायू 900, पेशी 500, धमन्या 24 आणि कंडरा, म्हणजे जाड रज्जू, 16 अशा वेगवेगळ्या मोजल्या. आजच्या शरीरशास्त्राशी ते आकडे जुळत नाहीत, पण वस्तू वेगळ्या आहेत हे त्याला स्पष्ट होतं. त्याचा स्नायू म्हणजे सांधे बांधणारा बंध, आणि पेशी म्हणजे मांसाचा गोळा. आज मराठीत स्नायू म्हणजे मांस झालं आणि पेशी झाली सूक्ष्मदर्शकातली. हिंदीत मांसपेशी अजून मांसाचीच आहे. एकदा अर्थ असे सरकले, की उरलेलं सगळं ‘नस’ या एका पोत्यात कोंबलं गेलं.

याची किंमत मोजावी लागते. पोटरीत गोळा आला तर गुडघा सरळ ठेवून पायाची बोटं स्वतःकडे ओढा, अर्धा मिनिट धरा. स्नायू सैल होतो. पण एकच पाय सुजलाय, गरम लागतोय, दुखतोय, तेव्हा ‘नस चढली’ म्हणून तेल लावून रगडू नका. तिथे खोल शिरेत रक्ताची गुठळी असू शकते, आणि ती सुटली तर फुप्फुसात जाऊन अडकते. त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

काचेनं बोट कापलं तर स्वच्छ फडक्यानं दाबून हात वर धरा, 10 मिनिटं, मध्ये उघडून बघायचं नाही. रक्त थांबलं की दोन गोष्टी तपासा. बोटाचं शेवटचं पेर वाकतं का? टोकाच्या दोन्ही बाजूंना स्पर्श कळतो का? स्पर्श कळत नसेल तर मज्जातंतू कापलाय. पेर वाकत नसेल तर रज्जू तुटलीय. तिचं टोक तळहाताकडे ओढलं जातं, म्हणून जखमेत दिसतही नाही. वरची कातडी टाके घालून मिटवली आणि महिना गेला, की जोडणं फार अवघड.

आणि नसबंदी. तुमच्या मुलांना, जावयांना सांगा, ‘नस कापली की अशक्तपणा येतो’ ही भीती त्या शब्दानं घातलीय. पुरुषाचं संप्रेरक वृषणातून थेट रक्तात जातं, त्या नळीतून नाही. काळजी घ्यायची ती वेगळीच : नळीत आधीचे शुक्राणू उरतात, म्हणून साधारण 3 महिन्यांनी वीर्यतपासणी निरंक येईपर्यंत दुसरं साधन वापरायचं.

चिठ्ठी आलीय, पाच मिनिटं उरली. कबूल केलेला विषय आता धावत.

ऊती म्हणजे एका कामाच्या पेशींचा समूह. त्या चार : अस्तराची अभिस्तर, जोडणारी संयोजी, स्नायू आणि चेता, म्हणजे मज्जातंतूंची. मघाची ठोके देणारी धमनीच घ्या. आतून एका पेशीच्या जाडीचं गुळगुळीत अस्तर, ती अभिस्तर ऊती. मध्ये तिला आवळणारा स्नायू. बाहेर संयोजी ऊतीचं वेष्टण. आणि किती आवळायचं ते सांगणारे चेतातंतू. चारी ऊती एका कामाला जुंपल्या, झाला अवयव. अनेक अवयव मिळून संस्था. शिरेत याच ऊती, भिंत पातळ, शिवाय आत झडपा. स्टेशनच्या पुलाचे जिने चढताना पोटरी दर पावलाला शिरा पिळते आणि झडपांमुळे रक्त वरच जातं. स्नायुरज्जू जवळजवळ सगळी संयोजी ऊती, रक्तपुरवठा तुटपुंजा, म्हणून भरून यायला कित्येक आठवडे. तुटून जोडलेला मज्जातंतू दिवसाला साधारण 1 मिलिमीटर वाढतो. मनगटापासून बोटाच्या टोकापर्यंत पोचायला पाच-सहा महिने धरा.

पाच नसांच्या संस्था चार. चढणारी स्नायुसंस्थेची, दबणारी चेतासंस्थेची, तुंबणारी आणि सुई टोचायची रक्ताभिसरणाची, बांधलेली प्रजननसंस्थेची. पचन आणि श्वसन राहिलंच. शंका असतील त्यांनी चहाच्या वेळी या, बाही वर करूनच या.