लूज मोशन झाले की मेट्रोची गोळी? जरा थांबा!

नमस्कार मंडळी! गड्ड्याच्या जत्रेत भजी, पाणीपुरी सगळं हाणून आलो आणि सकाळी पोट बिघडलं, की आपल्या सोलापुरात माणूस डॉक्टरकडं जात नाही, थेट मेडिकलवर जातो. "पोटाच्या दोन गोळ्या द्या हो." आणि बऱ्याचदा हातात येतं मेट्रोनिडॅझोल, म्हणजे आपली मेट्रो.

गोळी भारीच आहे, त्यात वाद नाही. बॅक्टेरियावर पण चालते आणि अमिबा, जिआर्डियासारख्या परजीवींवर पण. हे कसं काय? तर हे औषध शरीरात जातं तेव्हा गप्पच असतं, ऑक्सिजनशिवाय जगणाऱ्या जंतूच्या आत शिरलं की तिथं त्याचं रूप बदलतं आणि ते जंतूचा डीएनए तोडून टाकतं. आपल्या पेशींमध्ये ऑक्सिजन असतो, म्हणून तिथं ते तसं पेटत नाही.

बॅक्टेरियावर चालतं हे कळलं ते पण योगायोगानंच बरं का. 1962 मध्ये एक बाई ट्रायकोमोनास नावाच्या परजीवीसाठी हे औषध घेत होती आणि तिच्या सुजलेल्या हिरड्याच बऱ्या झाल्या! म्हणून आज दाताचे डॉक्टर पण मेट्रो लिहून देतात.

पण व्हायरसमुळं जुलाब होत असतील तर मेट्रोचा काडीचा उपयोग नाही, टायफॉइडवर पण नाही. साध्या जुलाबाला आधी ओआरएस, घरात नसेल तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा. शौचातून रक्त पडतंय, ताप आहे, लहान लेकरू मलूल पडलंय, तर मात्र घरी बसू नका, दवाखाना गाठा. मेट्रोच्या पाकिटावर लाल रेघ असते बघा, गोळी डॉक्टरला विचारल्याशिवाय घ्यायची नाही हे सांगायलाच ती रेघ असते.

गोळी चालू असताना तोंडाला धातूसारखी चव येते, लघवी गडद होते, घाबरू नका. दारू मात्र बंद, कोर्स संपल्यावर पण तीन दिवस. रक्त पातळ करायची वॉर्फरिन चालू असेल तर आधी सांगा.

आणि एक गोष्ट बहुतेकांना माहीतच नसते, मेट्रो आतड्याच्या भिंतीत घुसलेला अमिबा मारते, पण आतड्याच्या पोकळीत त्याची कवचातली अंडीवजा रूपं उरू शकतात. त्यासाठी डॉक्टर नंतर डायलोक्सानाइडसारखं दुसरं औषध देतात, तर बरं वाटतंय म्हणून ती चिठ्ठी खिशातच ठेवू नका. ही कवचं पाण्यातल्या नेहमीच्या क्लोरीनला पण दाद देत नाहीत, आणि आपल्याकडं नळाला पाणी काही दिवसांआड, ड्रम भरून ठेवलेले, तेव्हा प्यायचं पाणी उकळूनच घ्या.