जाहिरातीच्या पैशावर चाललेलं इंटरनेट

नमस्कार श्रोतेहो.

२०२१च्या एप्रिलपासून ॲपलच्या आयफोनवर एक छोटी चौकट झळकू लागली. हे ॲप तुम्ही इतरत्र काय काय बघता याचा माग ठेवणार आहे, चालेल का? एवढाच प्रश्न. असंख्य लोकांनी ‘नको’वर बोट ठेवलं. माग नाही, तर कोणाला कोणती जाहिरात दाखवायची हे नेमकं कळणार कसं? त्यापायी २०२२ साली आपलं सुमारे १० अब्ज डॉलरचं नुकसान होईल, असं फेसबुकच्या मालक कंपनीने, मेटाने, त्या फेब्रुवारीत सांगितलं. दुसऱ्याच दिवशी तिचा शेअर २६ टक्क्यांनी कोसळला. इतरही कारणं होती, पण हे मोठं होतं. शंभरातले सत्त्याण्णव रुपये जाहिरातींतून कमावणारी ही कंपनी, आणि तिची नाडी ॲपलच्या हातात!

याहू या एकेकाळच्या बड्या वेबसाइटची गत याहून वाईट झाली होती. २००० सालच्या सुमारास याहूवर जाहिराती देणाऱ्यांत नव्या डॉटकॉम, म्हणजे इंटरनेटवर धंदा मांडलेल्या, कंपन्यांचाच भरणा होता. त्यांची स्वतःची कमाई बेताची. गुंतवणूकदारांनी दिलेले पैसे त्या जाहिरातींवर उधळायच्या आणि तेच याहूच्या वहीत उत्पन्न म्हणून जमा व्हायचे. गुंतवणूकदारांनी हात आखडता घेतला, तशा या कंपन्या धडाधड बंद पडल्या. याहूचं वर्षाचं उत्पन्न सुमारे १११ कोटी डॉलरवरून २००१मध्ये ७२ कोटींच्या आसपास आलं. याहू वापरणारे लोक मात्र तेव्हा वाढतच होते. म्हणजे गर्दी आहे म्हणून दुकान चालेल, हा हिशेब इथे लागूच पडत नाही.

मला खरी काळजी वाटते ती यावर पोट असलेल्या लहान माणसांची. २०१७मध्ये आपल्या जाहिराती दहशतवाद्यांच्या व्हिडिओंवर दिसतात हे कळताच बड्या कंपन्यांनी यूट्यूबवरच्या जाहिराती थांबवल्या. पुढच्या वर्षी यूट्यूबने नियम आवळले. १,००० सबस्क्रायबर हवेत आणि वर्षभरात ४,००० तास व्हिडिओ पाहिले गेलेले हवेत, तरच जाहिरातीतला वाटा. मराठीत डाळिंबाच्या छाटणीवर व्हिडिओ करणाऱ्यालाही तीच अट! यात त्याचा काय दोष? त्याच वर्षी प्रेक्षकांकडून थेट मासिक वर्गणी घेण्याची सोय यूट्यूबने सुरू केली. जाहिरातदारांच्या लहरीपासून सुटायचा तोच खरा रस्ता होता. पण सुरुवातीला तो खुला झाला तो एक लाखाहून अधिक सबस्क्रायबर असलेल्यांनाच.