कान निवडण्याआधी

कॉक्लिअर इम्प्लान्ट, म्हणजे बहिऱ्या कानाला ऐकू यावं म्हणून आत बसवायचं उपकरण. ते कोणत्या कानात बसवायचं हे ठरवण्याआधी दोन्ही कानांचा तोल तपासतोय. पडद्यावर आहे ती रुग्णाच्या डोळ्याची बाहुली. गॉगलला बसवलेला छोटा कॅमेरा ती टिपतोय. पट्टा घट्टच आवळावा लागतो. सैल राहिला तर डोळ्याऐवजी गॉगलच हलतो आणि नोंद खोटी येते.

नजर भिंतीवरच्या ठिपक्यावर. ऑडिओलॉजिस्ट, म्हणजे श्रवणतज्ज्ञ, मागून डोकं धरतात आणि बेसावध क्षणी उजवीकडे झटका देतात, जेमतेम 10 ते 20 अंशांचा. नजर जागची हलली नाही. आता डावीकडे. नजर डोक्यामागे फरफटली, मग उडी मारून ठिपक्यावर आली. हळू करून पुन्हा बघू… ही उडी. डाव्या कानाची आडवी नलिका, म्हणजे डोक्याचं वळणं टिपणारा तोलाचा अवयव, अधू आहे.

कॉक्लिअर इम्प्लान्ट बसवतात ते ऐकण्यासाठी. पण या मॉडेलमध्ये बघा, ऐकण्याचा शंख आणि तोलाचे अवयव एकमेकांना खेटून आहेत; भोवतीचं पाणीही एकच. इलेक्ट्रोडची तार गोल खिडकीतून शंखात शिरते. सॅक्युल नावाची ही इवलीशी पिशवी तिथून सगळ्यात जवळ, म्हणून तिलाच जास्त धोका. तार सरकवताना हात इतका सावकाश चालतो तो यासाठीच. घाई केली की आतला दाब वाढतो.

सॅक्युलची चाचणी मानेवर होते. मान वळवून स्नायू ताणायचा, त्यावर इलेक्ट्रोड, कानात मोठे टकटक आवाज. पूर्ण बहिऱ्या कानातही लाट उमटते, कारण या आवाजाला शंख नाही, सॅक्युल दाद देते! मान ढिली पडली, तर मात्र धडधाकट सॅक्युलही निकामी ठरते.

राहिली पाण्याची चाचणी. डोकं 30 अंश वर, कानात आधी 30 अंश सेल्सियसचं पाणी, थोड्या वेळाने 44 अंशांचं. शरीरापेक्षा 7 अंश थंड, 7 अंश गरम. इथे चक्कर यायलाच हवी. उजव्या कानाला आली. डाव्याला दोन्ही वेळा काही नाही.

बहिरेपण दोन्हीकडे सारखंच, स्कॅनमध्ये शंखही सारखे. मग इम्प्लान्ट डाव्या कानात. उजवा निवडला असता आणि त्याचाही तोल गेला असता, तर चालताना समोरचं सगळं हलताना दिसलं असतं, अंधारात पाय ठरला नसता.

शस्त्रक्रियेनंतरची ही तपासणी. जाड फोमवर उभं राहायचं, डोळे मिटून, 30 सेकंद.