तीनदा पंतप्रधानपद नाकारणारा जमीनदार

खुर्चीसाठी पक्ष बदलणारे आपण रोज बघतो. आज ज्याच्याबद्दल सांगतोय, त्याला चक्क ब्रिटनचं पंतप्रधानपद देऊ केलं होतं, तेही तीनदा, आणि तिन्ही वेळा तो नको म्हणाला.

स्पेन्सर कॅव्हेंडिश, जन्म १८३३. आधी लॉर्ड हार्टिंग्टन, १८९१ पासून डेव्हनशायरचा आठवा ड्यूक. डर्बीशरमध्ये चॅट्सवर्थचा वाडा, आयर्लंडमध्ये लिस्मोरचा किल्ला, सगळी मिळून जवळपास दोन लाख एकर जमीन. घराण्याचा रिवाज म्हणून १८५७ मध्ये खासदार झाला. स्वतःच्याच भाषणात जांभई दिली, असं त्याच्याबद्दल सांगतात. खरा जीव रेसच्या घोड्यांत.

१८८० मध्ये त्याचा लिबरल पक्ष जिंकला. राणी व्हिक्टोरियाला याच पक्षाचा माजी पंतप्रधान ग्लॅडस्टन डोळ्यासमोर नको होता, म्हणून तिने हार्टिंग्टनला बोलावलं. पण ग्लॅडस्टन कुणाच्या हाताखाली काम करणार नव्हता, आणि त्याला बाहेर ठेवून सरकार चालणार नव्हतं. हार्टिंग्टन बाजूला झाला आणि भारतमंत्री झाला. अफगाणिस्तानात मैवंदच्या लढाईत मुंबईच्या पलटणींची दाणादाण उडाली, तेव्हा लंडनमध्ये हे खातं त्याच्याकडेच होतं.

पुढच्या दोन नकारांची मुळं आयर्लंडमध्ये आहेत. मे १८८२ मध्ये त्याचा धाकटा भाऊ फ्रेडरिक ब्रिटिश सरकारचा आयर्लंडसाठीचा मुख्य सचिव म्हणून डब्लिनला पोचला. त्याच संध्याकाळी फिनिक्स पार्कमध्ये त्याला भोसकून मारलं. चार वर्षांनी ग्लॅडस्टनने आयर्लंडसाठी होमरूलचं, म्हणजे साम्राज्यात राहून स्वतःचा कारभार स्वतः करण्याचं, विधेयक आणलं. हो, टिळकांनी पुढे आपल्यासाठी मागितलं तेच होमरूल. हार्टिंग्टन आपल्याच पक्षाविरुद्ध उभा राहिला आणि विधेयक ३० मतांनी पडलं. तत्त्वाचा प्रश्न होता, असं त्याचे चाहते म्हणतात. असेल. पण लिस्मोरची जमीन आणि मारलेला भाऊ त्याच्या मनात नव्हते, हे मला पटत नाही.

मग टोरींचा, म्हणजे विरोधी कॉन्झर्व्हेटिव्ह पक्षाचा, नेता सॉल्सबरी म्हणाला, तुम्ही पंतप्रधान व्हा, मी तुमच्या हाताखाली काम करतो. काही महिन्यांनी पुन्हा तेच. यात वैराग्य शोधू नका. आपले फुटीर लिबरल टोरींच्या मांडीला मांडी लावून बसायला अजून तयार नाहीत, हे तो ओळखून होता.

१८९५ मध्ये ते तयार झाले, आणि हाही सॉल्सबरीच्या मंत्रिमंडळात गेला. १९०३ मध्ये खुल्या व्यापाराच्या वादावरून बाहेर पडला, १९०८ मध्ये फ्रान्समध्ये कान इथे वारला. मूलबाळ नव्हतं. जहागीर पुतण्या व्हिक्टरकडे गेली, आणि तो पुढे कॅनडाचा गव्हर्नर जनरल झाला.