कॅप्चर कार्ड घेताना: खोक्यावरचा तिसरा आकडा

नमस्कार मंडळी. प्लेस्टेशन ५ (पीएस५) किंवा निन्टेन्डो स्विचसारख्या कन्सोलवरचा खेळ रेकॉर्ड करायला कॅप्चर कार्ड, म्हणजे कन्सोलचं चित्र संगणकात उतरवणारं उपकरण, कोणतं घ्यावं, हा आजचा विषय. ठाण्याहून मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात जाऊन घ्या नाहीतर घरबसल्या मागवा, खोक्यावर ठळक अक्षरांत '४के' (३८४०×२१६० पिक्सेलचं चित्र) दिसणारच. तो आकडा नक्की कशाचा, हे विचारल्याशिवाय पैसे काढू नका.

त्याआधी एक प्रश्न. कार्ड लागणार आहे का? पीएस५ स्वतःच सलग ६० मिनिटांपर्यंत रेकॉर्ड करतो. स्विचवर मात्र बटण दाबून धरलं की शेवटचे ३० सेकंदच मिळतात, तेही सगळ्या गेममध्ये नाही. मित्रांना एखादा गोल दाखवायचा असेल तर एवढं पुष्कळ आहे. तासन्‌तास सलग रेकॉर्डिंग, आपला आवाज वेगळ्या ट्रॅकवर, किंवा थेट प्रक्षेपणात स्वतःचा चेहरा आणि चित्रावरच्या पाट्या हव्या असतील, तर कार्ड घ्या. स्विच लाइट असेल तर मात्र थांबा. त्याला टीव्हीला जोडायची सोयच नाही, त्यामुळे कार्ड घेऊन उपयोग नाही.

आता आकडे. प्रत्येक कार्डाचे तीन असतात. पहिला, कन्सोलकडून येणारा कोणता सिग्नल ते स्वीकारतं. दुसरा, टीव्हीकडे कोणता सिग्नल पुढे जाऊ देतं, म्हणजे पासथ्रू. तिसरा, संगणकात प्रत्यक्ष काय उतरतं. खोक्यावर मोठा छापतात तो बहुधा पहिला किंवा दुसरा. आपल्या कामाचा तिसरा, आणि तो मागच्या बाजूला बारीक अक्षरांत सापडतो.

तिसरा आकडा यूएसबीवर ठरतो. हिशोब साधा आहे. १९२० गुणिले १०८० पिक्सेल, दर पिक्सेलला २ बाइट, सेकंदाला ६० फ्रेम्स. हे होतात सेकंदाला साधारण २४९ मेगाबाइट, म्हणजे जवळजवळ २ गिगाबिट. यूएसबी २.० चा कागदावरचा वेग ४८० मेगाबिट. ते चित्र त्यातून जाणं शक्यच नाही. म्हणून पेन ड्राइव्हसारख्या दिसणाऱ्या स्वस्त कार्डांमधली एमएस२१०९ ही चिप प्रत्येक फ्रेम एमजेपेग करून, म्हणजे जेपेग फोटोसारखी, दाबून लहान करते. झाडाझुडपांत, पावसात, वेगाने वळणाऱ्या गाडीत चौकोनी ठिपके दिसतात ते यामुळे. त्यातल्या बऱ्याच कार्डांवर स्टिरिओ आवाजसुद्धा ९६ किलोहर्ट्झचा मोनो म्हणून संगणकाला दिसतो. कॉलेजच्या प्रेझेंटेशनला किंवा कॅमेरा जोडायला ही कार्डं ठीक आहेत. गेमसाठी घेऊ नका, असंच मी सांगेन.

आणि निळा प्लग दिसला म्हणजे यूएसबी ३.० असं समजू नका. आतली चिप २.० ची असूनही प्लगमध्ये निळं प्लास्टिक घातलेली कार्डं सर्रास मिळतात. ओळखायचं असं: ओबीएस या रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये कार्डाची प्रॉपर्टीज उघडा, रिझोल्यूशन 'कस्टम' करून १९२०×१०८० निवडा, आणि व्हिडिओ फॉरमॅटची यादी बघा. ६० फ्रेम्सला फक्त एमजेपेग दिसत असेल आणि वायूवाय२ (न दाबलेलं चित्र) पाच फ्रेम्सवरच अडकत असेल, तर ते यूएसबी २.० आहे. परत करायची मुदत असेपर्यंत हे तपासा.

खऱ्या यूएसबी ३.० चा वेग ५ गिगाबिट. १०८०पी ६०, म्हणजे वरच्या हिशोबातलं १९२०×१०८० चं ६० फ्रेम्सचं चित्र, त्यात आरामात बसतं. पण ४के ६० एनव्ही१२ या कमी जागेच्या, न दाबलेल्या फॉरमॅटमध्येसुद्धा सुमारे ६ गिगाबिट मागतं. म्हणून ५ गिगाबिटचं कार्ड '४के ६०' म्हणत असेल, तर ते एक तर चित्र दाबतं किंवा तो आकडा पासथ्रूचा आहे. खरंच न दाबलेलं ४के ६० हवं असेल तर १० गिगाबिटचं बाहेरचं कार्ड किंवा डेस्कटॉपमध्ये बसणारं पीसीआय एक्सप्रेस कार्ड लागतं. जुन्या स्विचचा डॉक (टीव्हीला जोडायची बैठक) १०८०पीच्या वर जातच नाही, तिथे ४के कार्ड म्हणजे पैशांची नासाडी. पीएस५ असेल, टीव्ही १२० हर्ट्झचा असेल आणि तो वेग खेळताना सोडायचा नसेल, तर पासथ्रू एचडीएमआय २.१ चा बघा. रेकॉर्डिंग १०८०पी ६० चं असलं तरी चालेल.

पासथ्रूला इतकं महत्त्व का? संगणकावर दिसणारं चित्र उशिरा पोहोचतं. ते बघत फुटबॉल किंवा फायटिंग गेम खेळणं अवघड जातं. खेळायचं नेहमी टीव्हीवर बघून, संगणक फक्त नोंदीला.

घरी आणल्यावर पडदा काळा दिसला तर कार्ड खराब समजू नका. पीएस५ मूळ सेटिंगमध्ये एचडीसीपी हे कॉपीविरोधी कुलूप लावून ठेवतो. सेटिंग्ज, सिस्टीम, एचडीएमआय, आणि तिथे 'एनेबल एचडीसीपी' बंद. ते बंद असताना चित्रपटांची ॲप्स चालत नाहीत, तेव्हा सिनेमा बघताना पुन्हा चालू करा. पीएस३ वर एचडीएमआयचं हे कुलूप काढताच येत नाही. तिथे कॉम्पोनंट केबल (जुनी ॲनालॉग जोडणी) आणि कॉम्पोनंट इनपुट असलेलं कार्ड लागतं.

चित्र फिकट, धुरकट दिसलं तर पहिला संशय एचडीआरवर, म्हणजे उजेड-अंधाराचा जास्त पल्ला दाखवणाऱ्या चित्रपद्धतीवर. कार्ड एचडीआर नोंदवत नसेल तर कन्सोलमध्येच ते बंद करा. ते बंद असूनही काळा रंग करडा दिसत असेल, किंवा उलट सावल्यांमधले तपशील गिळले जात असतील, तर कलर रेंज (काळ्यापासून पांढऱ्यापर्यंतचा पल्ला) जुळत नाही. कन्सोलचं आणि ओबीएसचं, दोन्हीकडचं फुल किंवा लिमिटेड एकसारखं ठेवा.

आवाज गायब असेल तर कन्सोलचं ऑडिओ फॉरमॅट डॉल्बी किंवा डीटीएसवर आहे का पाहा, लिनियर पीसीएम (न दाबलेला आवाज) करा. ओबीएस आणि विंडोज दोन्हीकडे आवाजाचा सॅम्पल रेट ४८ किलोहर्ट्झ ठेवा, नाहीतर तासाभराच्या रेकॉर्डिंगमध्ये ओठ आणि शब्द हळूहळू वेगळे होऊ शकतात. हेडसेटमधलं मित्रांचं बोलणं एचडीएमआयवर आपोआप येईल असं धरून चालू नका. त्याची वेगळी वायर किंवा सोय आधी विचारून घ्या.

कार्ड यूएसबी हबमध्ये लावू नका, वेबकॅमबरोबर एका हबवर तर नाहीच. सोबत आलेलीच केबल वापरा. लांब स्वस्त केबलने फ्रेम्स गळतात. मे महिन्यात आपल्याकडच्या दमट उकाड्यात बंद खणात ठेवलेलं कार्ड चांगलंच तापतं, मधेच सिग्नल सोडतं. त्याला उघड्यावर, कन्सोलच्या गरम हवेपासून दूर ठेवा.

जागेचा हिशोबही करा. सेकंदाला ४० मेगाबिटने रेकॉर्ड केलं तर तासाला १८ गिगाबाइट लागतात. एन्कोडिंगचा, म्हणजे चित्र दाबून फाइल करण्याचा, भार प्रोसेसरवर न टाकता ग्राफिक्सच्या हार्डवेअरवर टाका. एनव्हिडियाच्या कार्डावर एनव्हेंक, इंटेलवर क्विक सिंक. आणि फाइल एमकेव्ही या प्रकारातच नोंदवा. पावसाळ्यात वीज गेली आणि संगणक मधेच बंद पडला, तर साधी एमपी४ फाइल बहुधा उघडतच नाही, एमकेव्ही तिथपर्यंतची शाबूत राहते. नंतर ओबीएसच्या फाइल मेनूतलं 'रीमक्स रेकॉर्डिंग्ज' दर्जा न घालवता ती एमपी४ करून देतं.