राजाच्या सहीपासून खजिन्याच्या कचेरीपर्यंत

(दृश्य : जुन्या हिशेबवहीचं पान, तळाशी राजाची सही)

ही सातव्या हेन्रीची जमाखर्चाची वही. 1485 मध्ये बॉसवर्थच्या रणांगणावर तिसरा रिचर्ड पडला आणि हेन्री इंग्लंडच्या गादीवर आला. हक्क तसा लंगडाच होता आणि दावेदार टपलेले होते. पैसा हाताशी असेल तरच गादी टिकेल, हे त्याने ओळखलं. एक्सचेकर हे सरकारी खजिन्याचं जुनं खातं चोख होतं, पण फार संथ. म्हणून हेन्रीने बराचसा वसूल आपल्या खासगी दालनाच्या खजिनदाराकडे वळवला. खजिनदार जॉन हेरन वही पुढे ठेवायचा. राजा स्वतः पानं तपासायचा, सही करायचा. कारभार शब्दशः त्याच्या हातात होता.

मुलगा, आठवा हेन्री, वेगळ्या पिंडाचा. लिहायचा त्याला मनस्वी कंटाळा. कार्डिनल वुल्झीला लिहिलेल्या एका पत्रात त्याने हे स्वतःच सांगितलं आहे. कारभार आधी वुल्झीने हाकला, मग थॉमस क्रॉमवेलने. क्रॉमवेल हा पटनी गावच्या एका लोहारकाम करणाऱ्याचा मुलगा. पोपशी संबंध तुटले, मठ खालसा झाले, त्यांच्या जमिनी राजाकडे आल्या. त्या सांभाळायला 1536 मध्ये ‘कोर्ट ऑफ ऑगमेंटेशन्स’ हे नवं खातं उभं राहिलं, स्वतःचे अधिकारी, तपासनीस आणि मोहोर असलेलं.

(दृश्य : खेड्यातलं चर्च, लाकडी पेटी)

1538 मध्ये क्रॉमवेलचा हुकूम सुटला : प्रत्येक चर्चमध्ये एक वही ठेवा. बाप्तिस्मा, लग्न, दफन, सगळं दर रविवारी नोंदवा. वही ठेवायच्या पेटीला दोन कुलपं : एकाची किल्ली पाद्र्याकडे, दुसऱ्याची चर्चच्या कारभाऱ्यांकडे. लोक धास्तावले. आता जन्मावर आणि लग्नावरही कर बसणार, अशी आवई उठली. तसा कर तेव्हा बसला नाही. वह्या मात्र राहिल्या. सामान्य माणसाचं नाव सरकारच्या सांगण्यावरून इतक्या नेमाने लिहिलं जाण्याची ही तिथली सुरुवात, आणि मला या हुकमाचं मोल मोठमोठ्या कायद्यांपेक्षा कमी वाटत नाही.

28 जुलै 1540 रोजी क्रॉमवेलचं शिर उडवलं गेलं. तेरा दिवसांनी, 10 ऑगस्टला, प्रिव्ही कौन्सिलने, म्हणजे राजाच्या सल्लागार मंडळाने, स्वतःचा कारकून नेमला आणि बैठकांची नोंदवही सुरू केली. या सगळ्या बदलाचं श्रेय काही इतिहासकार एकट्या क्रॉमवेलला देतात. मला ते अर्धंच पटतं. कारण कचेऱ्या वाढत होत्या तरी खरी सत्ता अजून राजाच्या शयनगृहाच्या दाराशीच घुटमळत होती.

(दृश्य : कागदावर दाबलेल्या ठशाची खोलगट रेघ, तीवरून फिरणारी लेखणी)

1545 च्या सप्टेंबरपासून थकलेल्या हेन्रीसाठी ‘कोरडा ठसा’ वापरात आला. सहीचं वळण कोरलेला ठसा कागदावर शाई न लावता दाबायचा, उमटलेल्या खाचेतून विल्यम क्लर्कने शाई फिरवायची. झाली राजाची सही! ठसा राजाच्या खास विश्वासातल्या अँथनी डेनीच्या ताब्यात. एरवी राजाच्या सहीची नक्कल म्हणजे राजद्रोह, म्हणून या माणसांना रीतसर माफीपत्र दिलं गेलं. ठसा उमटलेल्या कागदांची यादी दर महिन्याला राजासमोर जायची. त्याच्या मृत्युपत्रावरही हाच ठसा आहे. या मृत्युपत्राने स्कॉटलंडच्या राणी मेरीच्या घराण्याला इंग्लंडच्या वारसाहक्कातून डावललं होतं. म्हणून पुढे मेरीच्या बाजूच्या लोकांनी नेमकं यावरच बोट ठेवलं : राजाने हाताने सही केलीच नाही, तर त्याचं मृत्युपत्र कसलं?

हेन्रीची मुलगी एलिझाबेथ राणी झाली, तिच्या काळात तिचा मंत्री विल्यम सेसिल याने चाळीस वर्षं कागदांचा डोंगर उपसला. गावोगावी कारभार पाहायचे तिथलेच जमीनदार, ‘जस्टिस ऑफ द पीस’ म्हणून, बिनपगारी. 1601 च्या कायद्याने गरिबांच्या पोटापाण्यासाठी पट्टी गोळा करण्यावर देखरेखही त्यांच्याकडेच आली.

मग यादवी. 1643 मध्ये संसदेने राजा पहिल्या चार्ल्सशी लढायला पैसा हवा म्हणून बिअरसारख्या मालावर एक्साइज कर बसवला. लोकांनी शिव्या घातल्या. पण 1660 मध्ये त्याचा मुलगा दुसरा चार्ल्स राजा म्हणून परतला तेव्हा त्याने हाच कर आनंदाने ठेवून घेतला. 1667 मध्ये त्याने खजिना एका बड्या सरदाराऐवजी मंडळाकडे सोपवला. चिटणीस जॉर्ज डाउनिंगने शिस्त लावली : निर्णयांची नोंद ठेवायची, कर्ज क्रमवारीने फेडायचं. पुढच्याच वर्षी याच राजाने आपली मुंबई ईस्ट इंडिया कंपनीला वर्षाला 10 पौंड भाड्याने देऊन टाकली.

1698 मध्ये राजाच्या घरखर्चासाठी आणि मुलकी कारभारासाठी संसदेने वर्षाला 7 लाख पौंड ठरवून दिले. सैन्याचा पैसा संसद वेगळा मंजूर करू लागली. राणी अ‍ॅन मंत्र्यांच्या बैठकींना नेमाने बसायची. तिच्यानंतर आलेल्या पहिल्या जॉर्जने 1717 च्या सुमारास तिथे जाणं जवळपास सोडलं. कागद आता मंत्र्यांच्या टेबलावर तयार होत होते.